आप्पा, कॅन्सस आणि गुंठ्यात पाच जनावरं

मे 2025 मधे आप्पा पहिल्यांदा आमच्याकडे कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कला आले आणि तिसऱ्याच आठवड्यात कंटाळले. मॉल बघून झाले, मंदिर झालं, नातवाची शाळा झाली, आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "लेका, ह्या राज्यात माणसापरीस गुरं जास्त हायत म्हनं, मग ती हायत कुटं?" माहिती बरोबर होती. कॅन्ससमधे माणसं 30 लाखांच्या आत आणि गुरं 60 लाखांच्या घरात, आणि मी इथे अकरा वर्षं राहून हायवेवरून दिसतात तेवढीच बघितलेली. ऑफिसमधल्या एकाच्या मेव्हण्याचा रँच, म्हणजे गुरं चारायचं मोठं रान, आहे, त्याने पुढचे दोन-तीन फोन करून दिले आणि आम्ही बापलेक पाच दिवसांसाठी निघालो, गवतावरची गुरं बघायला आणि फीडलॉटमधलीही, म्हणजे शेवटचे काही महिने वाड्यात कोंडून मक्यावर पोसतात ती.

आधीच सांगतो, आम्ही बीफ खात नाही, आप्पा तर माळकरी. निघतानाच त्यांनी बजावलं, "जनावरं बगू, कत्तलखाना न्हाई बगायचा." ठरलं.

आणि एक महत्त्वाचं, इंडियातून गावाकडून आलेलं कुणी बरोबर असेल तर गावातल्या चपला-बूट घालून इथल्या गोठ्यात जाऊ नका. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग आहे, इथे 1929 नंतर झालेला नाही, त्यामुळे लोक याबाबत फार कडक असतात. आप्पांना येऊन महिना होत आला होता तरी आम्ही नवीन रबरी बूट घेतले, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच आला.

दिवस पहिला: फ्लिंट हिल्स

आय-35 ने एम्पोरिया, तिथून पश्चिमेला स्ट्राँग सिटी, दोन तासांचा रस्ता. एम्पोरिया मागे पडलं की झाडं संपतात आणि नुसतं गवत सुरू होतं, टेकड्यांवर टेकड्या, हेच फ्लिंट हिल्स, आणि वर एवढं मोठं आभाळ की आप्पांनी गाडी थांबवायलाच लावली. उतरल्यावर सगळ्यात आधी काय केलं तर टाचेने जमीन उकरली. दोन-चार इंच काळी माती आणि खाली चुनखडी, त्यात गारगोटीसारखे चकमकीचे दगड. "मुरमाड रान हाय. म्हनून ऱ्हायलंय. न्हाई तर कवाच नांगारलं असतं." पुढे टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हमधे रेंजरबाईंनी हेच सांगितलं. अमेरिकेच्या मध्यभागी हे उंच गवत पूर्वी अफाट पसरलेलं होतं, त्यातलं आता 4 टक्केसुद्धा शिल्लक नाही, आणि जे आहे त्यातलं बहुतेक इथे, कारण इथे नांगर चालत नाही. हा 10,894 एकरांचा पार्क 1996 साली झाला. एंट्री फुकट आहे, बायसनपण दिसतात, फक्त पाणी आणि टोपी स्वतःची न्या, सावली नावाला नाही.

गवत नुकतंच गुडघ्याला लागायला आलेलं. एप्रिलमधे इथली बरीच कुरणं मुद्दाम जाळतात, त्यामुळे जुनं वाळकं जातं, झुडपं मरतात आणि कोवळं गवत एकदम उठतं. आप्पांना आपल्याकडचा वणवा आठवला आणि ते बराच वेळ त्या गवताच्या काड्या चावून बघत होते.

मुक्काम कॉटनवूड फॉल्सला. गाव एवढंसं पण 1873 चं चुनखडीचं कोर्टहाऊस बघण्यासारखं. रात्रीच्या जेवणात आप्पांनी मॅश्ड पोटॅटोमधे घरची शेंगदाण्याची चटणी कालवली, वाढणाऱ्या आजींनी चव मागितली, आणि मग चटणीच्या बदल्यात आम्हाला चेरी पायचा एक एक्स्ट्रा तुकडा मिळाला.

दिवस दुसरा: रँचवाले म्हातारबा

हे गृहस्थ सत्तरीचे, कंबर थोडी वाकलेली, बोलणं कमी. त्यांच्या त्या छोट्या चार चाकी गाडीत बसून कुरणात गेलो. शेकडो काळे खोंड, सगळे खच्ची केलेले, यांना इथे स्टीअर म्हणतात. मला वाटलं हे सगळे त्यांचेच, तर नाही. निम्मे दुसऱ्यांचे. टेक्सासमधला कुणीतरी मालक मेच्या सुरुवातीला ट्रकने पाठवतो, हे चारतात आणि वाढलेल्या वजनावर पैसे घेतात. मी हे भाषांतर करून सांगेपर्यंत आप्पा म्हणाले, "अर्धलीच की!" आमच्याकडे शेळी किंवा कालवड वाट्याने सांभाळायला देतात, वाढ झाली की वाटणी. म्हातारबांना समजावून सांगितलं तर ते पहिल्यांदा हसले.

आता खरी गंमत. पूर्ण सीझनला, म्हणजे मे ते ऑक्टोबर, इथे एका स्टीअरला साधारण 4 एकर गवत लागतं. पण बरेच रँचवाले तसं करतच नाहीत. दुप्पट जनावरं सोडायची, एकाला 2 एकर, आणि जुलैच्या मध्यात सगळी काढून न्यायची. का, तर हे गवत जुलैपर्यंतच ताकदीचं असतं. नंतर दांडा येतो, प्रोटीन उतरतं, जनावर पोटभर खातं आणि वजन काही धरत नाही. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीने ही पद्धत घालून दिलेली. म्हातारबांनी बोटाने धुळीत हिशेब मांडला: 4 एकरांत पाच महिन्यांत 250 पौंड वाढ, म्हणजे एकरी 62. 2 एकरांत अडीच महिन्यांत 170, म्हणजे एकरी 85. शिवाय उरलेला सीझन गवताला विश्रांती.

मग ही जनावरं गवतावरच शेवटपर्यंत का नाही पोसत, हे मी विचारलं. मला वाटत होतं हा नीतीचा वगैरे प्रश्न असेल. त्यांनी टेकडीकडे हात केला आणि म्हणाले, जानेवारीत येऊन बघ इथे काय असतं ते.

(हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पाचव्या दिवशी कळलं.)

तर फीडलॉटमधलं जनावर जन्मापासून मक्यावर असतं असं जे मला वाटत होतं ते चूक निघालं. जवळपास सगळ्या जनावरांचे पहिले सहा-आठ महिने तरी गवतावरच जातात, आईबरोबर, आणि बऱ्याच जणांचे पुढचे काही असल्या कुरणात. भांडण आहे ते शेवटच्या पाच-सहा महिन्यांचं.

दिवस तिसरा: पश्चिमेकडे

यूएस-50 ने डॉज सिटी, चारेक तास. वाटेत हचिन्सनच्या पुढे गवत जातं, गहू येतो, मग गोल गोल फिरणारे पाण्याचे पाइप. पाऊस निम्म्यावर येतो आणि हवा कोरडी होते. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या, पुढच्या गावात पंप असेलच असं नाही.

वाटेत एका गावात गुरांचा लिलाव चालू होता, आत शिरलो. कुणीही बसू शकतं, फक्त हात वर करून कान खाजवू नका. आप्पांनी आयुष्यभर खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचे सौदे केलेत, रुमालाखाली बोटं धरून, भाव तिसऱ्याला कळत नाही असे. इथे उलटं. जनावरं रिंगणात आली की रिंगणाचाच काटा, वजन वर बोर्डावर, आणि लिलाववाला भजनी ठेक्यात भाव ओरडतोय. आप्पा खूश, पण एका गोष्टीवर अडले. साडेपाचशे पौंडाची वासरं पौंडाला साडेतीन डॉलरच्या आसपास जात होती आणि आठशे पौंडाची 2.90 ला. "थोरलं सस्तं कसं?"

शेजारी बसलेल्या टोपीवाल्या खरेदीदाराने सिगारेटच्या पाकिटावर लिहून दाखवलं. लहान वासरू 1,925 डॉलर, मोठं 2,320. मधल्या 250 पौंडांचे 395 डॉलर, म्हणजे वाढीला पौंडाला दीड डॉलरपेक्षा थोडं जास्त. सगळा धंदा या एका आकड्यावर चालतो म्हणाला. हा पौंड मला दीड डॉलरपेक्षा कमी खर्चात वाढवता येतोय का? गवतावर येत असेल तर गवत, मक्यावर येत असेल तर मका. त्याला दोन्हींचं काही प्रेम नाही.

भाव असे चढलेले का, तर जानेवारी 2025 ला अमेरिकेत 8 कोटी 67 लाख गुरं मोजली गेली, 1951 नंतरचा सगळ्यात कमी आकडा. दुष्काळात लोकांनी गाई विकल्या आणि मग भाव चांगला म्हणून कालवडीही विकत होते. त्यात 11 मे 2025 पासून मेक्सिकोतून येणारी जनावरं बंद झालेली, तिकडे स्क्रूवर्म म्हणजे जखमेतल्या जिवंत मांसावर जगणाऱ्या अळीची साथ होती. आप्पांनी लगेच हिशेब केला, तीन डॉलर पौंड म्हणजे साडेपाचशे रुपये किलोच्या वर, जिवंत जनावर! मग गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आपल्यात म्हातारा बैल दारात उबा ऱ्हातो. 2015 पासनं तर बाजारात कुनी इचारत बी न्हाई. त्येच्या वैरनीचा हिशेब म्या कवा घातला न्हाई." त्यात तक्रार नव्हती. बरंही नव्हतं.

रात्री डॉज सिटीत वादळ आलं. पावणेदहाला सायरन, मोटेलवाल्याने सगळ्यांना खालच्या मजल्यावरच्या लाँड्री रूममधे गोळा केलं, बाहेर लिंबाएवढ्या गारा. आप्पा वॉशिंग मशीनला टेकून हरिपाठ म्हणत बसले, शेजारची मेक्सिकन आजी जपमाळ ओढत होती, दोघांचं छान जमलं. गाडीच्या टपावर सकाळी सात खड्डे मोजले. मे-जूनमधे इकडे येणार असाल तर फोनवर हवामानाचे अलर्ट चालू ठेवा आणि मोटेलमधे गेल्या गेल्या खालची खोली कुठे ते विचारून घ्या.

दिवस चौथा: गार्डन सिटी

फीडलॉट बघायचा तर आधी अपॉइंटमेंट लागते आणि पहाटे जा, वारा सुटायच्या आत. वास आम्हाला गावाच्या दहा मैल आधीपासून येत होता.

मॅनेजर एक चाळिशीतल्या बाई. पहिलंच वाक्य: मी हॉटेल चालवते. 40 हजार जनावरांची जागा आणि त्यातली बरीचशी त्यांची नाहीतच, कुणी शेतकरी, कुणी रँचर, एक तर दाताचा डॉक्टर. मालक खाण्याचे पैसे देतो आणि वर प्रत्येक जनावरामागे दिवसाला साधारण अर्धा डॉलर, त्याला यार्डेज म्हणतात. त्यात खोली, नोकर, ट्रॅक्टर सगळं आलं. त्या दिवशी बरेच पेन, म्हणजे कुंपणाचे वाडे, रिकामे होते. बाईंचा सगळा जीव त्या रिकाम्या पेनांत, कारण खर्च तोच आणि गिऱ्हाईक नाही.

साडेपाचला एक माणूस गाडीतून गव्हाणी वाचत फिरत होता. खरंच वाचत. कालचं किती उरलंय, चाटून साफ केलंय की चोथा ठेवलाय, त्यावरून आजचं खाणं ठरतं. जास्त पडलं तर वाया आणि जनावराला ॲसिडिटी, कमी पडलं तर वाढ बुडाली. मक्याला वाफ देऊन रोलरमधे चेपतात, पोह्यांसारखं दिसतं, अगदी जाडे पोहे. त्यात इथेनॉल प्लँटमधला ओला चोथा, थोडा मुरघास, अल्फाल्फा म्हणजे लसूणघास, मिनरल, आणि मोनेन्सिन नावाचं औषध ज्याने पोटातली गडबड कमी होते आणि खाल्लेलं जास्त अंगी लागतं. नवीन जनावराला आधी चारा जास्त आणि तीनेक आठवड्यांत हळूहळू मक्यावर आणतात. कानाच्या मागच्या बाजूला कातडीखाली वाढीसाठी हार्मोनची गोळी टोचलेली असते, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, लपवाछपवी नाही.

जागा? एका जनावराला 200 चौरस फूट धरा. आप्पांनी मनात भागाकार केला आणि माझ्याकडे बघितलं, "गुंठ्यात पाच." काल-परवा चार एकरांत एक बघितलेलं. पण लगेच पुढचं: "आनि मक्याचं रान कुटं धरलं ह्यांनी?" बाईंना हा प्रश्न फार आवडला. 700 पौंड वाढवायला पौंडाला सहा पौंड खाद्य, म्हणजे सगळं मक्यात मोजलं तर बागायती मक्याचा साधारण अर्धा एकर. आणि त्याचं पाणी ओगालाला नावाच्या भूगर्भातल्या साठ्यातलं, जो इथे दरवर्षी खाली चाललाय. ते पाणी फीडलॉटच्या बिलात कुठेच नसतं, हे माझं म्हणणं, बाईंचं नाही.

1951 साली अर्ल ब्रूकोव्हर यांनी गार्डन सिटीत फीडलॉट काढला तेव्हापासून हा धंदा इथे रुजला: कोरडी हवा, चिखल नाही, धान्य जवळ. मग 1980 मधे शेजारच्या होलकोंबला मोठा कत्तलखाना आला. आता चार कंपन्या, टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ, देशातली 85 टक्क्यांच्या आसपास पोसलेली जनावरं घेतात, म्हणजे विकायला गेलं तर दारं चारच.

ऑफिसात बाईंनी गोल आकड्यात हिशेब दिला, मी वहीत उतरवला. 750 पौंडाचं जनावर 3 डॉलरने, 2,250. रोज 3.7 पौंड वाढ, 190 दिवस, 700 पौंड. खाणं-यार्डेज-औषध मिळून पौंडाला 1.05, म्हणजे 735. 8 टक्क्यांनी व्याज 94. एकूण 3,079. विक्री 1,450 पौंड, 2.20 ने, 3,190. शिल्लक 111 डॉलर, त्यातून शंभरात एखादं-दोन मरतात ते वजा. आणि भाव दहा सेंट घसरला तर 145 गेले, म्हणजे खिशातून. म्हणून हे लोक शिकागोच्या वायदे बाजारात आधीच भाव बांधून ठेवतात, एका काँट्रॅक्टमधे 40 हजार पौंड. तीन हजारांचं जनावर सहा महिने सांभाळून शंभर डॉलर! आप्पा म्हणाले, "ह्यो धंदा न्हाई, ह्यो मटका." बाई म्हणाल्या, म्हणूनच मी हॉटेल चालवते.

बाहेर आल्यावर आप्पा कुंपणाला हात लावून बराच वेळ उभे राहिले, दुसरा हात गळ्यातल्या माळेवर. मग म्हणाले, "2019 ची छावनी आटवतीया का?" आठवते की. आमच्या माणदेशात दुष्काळात चारा छावण्या पडल्या होत्या, दावणीला रांगेने जनावरं, ट्रकने आलेला ऊस, दर जनावरामागे सरकारचे रोजचे पैसे. तोच वास, तीच धूळ. "तिथं जगवायला बांदलं हुतं," एवढंच बोलले.

दुपारी गावात व्हिएतनामी फो (नूडल्सचं सूप) खाल्लं, भाज्यांचं. मीटपॅकिंगच्या, म्हणजे कत्तलखान्यातल्या, कामाला आलेल्या व्हिएतनामी, मेक्सिकन, सोमाली लोकांमुळे या गावात जेवायची चंगळ आहे. गार्डन सिटीला गेलात तर बर्गर सोडा, हे शोधा.

दिवस पाचवा: दुसरा हिवाळा

परतीच्या वाटेवर काऊन्सिल ग्रोव्हच्या अलीकडे एक नवरा-बायको, वर्षाला 40 जनावरं, फक्त गवतावर तयार करून थेट गिऱ्हाइकाला विकतात. बाईंनी दारातच लिंबू सरबत दिलं आणि चार-पाच मिनिटांत आप्पांना भाजीचे वाफे दाखवायला घेऊन गेल्या. (अंबाडीसारखं काहीतरी होतं, आप्पा देठ मागून घेऊन आलेत, ते अजून माझ्या फ्रिजमधे आहेत.)

जानेवारीचं ते वाक्य इथे कळलं. फीडलॉटचं जनावर पंधरा ते अठरा महिन्यांत तयार, त्याने हिवाळा एकच काढलेला. गवतावरचं चोवीस-सव्वीस महिने घेतं, म्हणजे दुसरा हिवाळा. त्या चार महिन्यांत विकत घेतलेलं वाळकं गवत खायचं आणि वजन जेमतेम टिकवायचं. नुसत्या प्रेअरीच्या गवतावर चरबी चढतच नाही म्हणून हे जुलैनंतर ज्वारी-सुदानसारखा हिरवा चारा, शरदात ओट आणि राय पेरतात. नवरा म्हणाला मी गवत विकत नाही, मी वेळ विकतो, आणि वेळेवर बँक व्याज लावते.

त्यांचा हिशेबही घ्या. तेच 2,250 चं जनावर. 14 महिन्यांचं व्याज 210, हिवाळ्याचं गवत 170, कुरण आणि पेरलेला चारा 250. एकूण 2,880. वजन 1,150 पौंड, पण सोलून टांगल्यावर 57 टक्केच, म्हणजे 655 पौंड (मक्यावरच्याचं 63-64 टक्के पडतं). साडेपाच डॉलरने 3,600, कापणावळ गिऱ्हाईक वेगळी देतो. शिल्लक 720! मी म्हणलं अरे वा, सहापट. बायको म्हणाली यात आमची दोघांची मजुरी, फ्रीझरची वीज आणि शनिवारचा बाजार धर मग बोल. चाळीसने गुणलं तर 28,800 डॉलर, दोन माणसांचं वर्ष. शिवाय गावातल्या खाटकाची तारीख वर्षभर आधी घ्यावी लागते, 2020 च्या कोविडनंतर ते तसंच राहिलंय. एकदा तारीख चुकली तर जनावर पुढे चार महिने उभं.

त्यांचा खरा राग स्वस्त आयातीवर. दुकानातलं बरंचसं ग्रास-फेड, म्हणजे गवतावर पोसलेल्याचं मांस, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, उरुग्वेतून येतं, जिथे हिवाळा असा मारत नाही. 2015 च्या शेवटी बीफवर देशाचं नाव लिहायची सक्ती गेली, 2016 मधे सरकारने ग्रास-फेडची स्वतःची व्याख्याही मागे घेतली. तेव्हा बाहेरचं मांस इथे नुसतं कापून पॅक केलं तरी अमेरिकेचं म्हणून विकता येत होतं. जानेवारी 2026 पासून तो नियम बदलणार होता, त्यावर दोघं आशा लावून होते.

फ्रीझरमधली चरबी पिवळसर असते म्हणून नवीन गिऱ्हाईक बिचकतं असं बाई म्हणाल्या. आप्पांनी फ्रीझरकडे न बघता सांगितलं, हिरवा चारा खाल्लेल्या गाईचं तूपही पिवळंच असतं, त्यात काय. हे मी भाषांतर केल्यावर बाईंनी वहीत लिहून घेतलं, बाजारात सांगायला.

निघताना नवऱ्याने आप्पांना सरळ विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं, गवत की फीडलॉट? आप्पांनी टेकडीकडे बघून थोडा विचार केला. "दोनी न्हाई. म्या रान चारायला खंडानं दिलं आस्तं आनि घरी झोपलो आस्तो." मी सांगितल्यावर तो एवढा हसला की बायको बाहेर आली. म्हणाला माझा बँकवाला दरवर्षी हेच सांगतो.

घरी रात्री साडेनऊला पोचलो. बूट गराजमधे ठेवलेत, तीनदा धुतले तरी नातू नाक धरतोय.